चार लोक काय म्हणतील?

‘चार लोक काय म्हणतील?’ हे वाक्य कानावर न पडता आपल्याकडे कुणी लहानाचं मोठं झालेलं नाही. मुलीला पुढं शिकवायचं असो, लग्न थोडक्यात उरकायचं असो, तेराव्याचं जेवण आटोपशीर करायचं असो की नवरा वारलेल्या लेकीला पुन्हा उभं करायचं असो, घरातली चर्चा शेवटी या चार लोकांपाशी येऊन थांबते. गंमत अशी, की हे चार लोक नेमके कोण, हे कुणी विचारत नाही. त्यांचं मत कुणी समक्ष ऐकलेलं नसतं. तरीही घराघरांतले मोठमोठे निर्णय त्यांच्या धाकानं होतात.

समाजमानसशास्त्र ही मानसशास्त्राची शाखा एका अर्थानं या चार लोकांचाच अभ्यास करते. माणूस एकटा असताना कसा वागतो आणि इतरांच्या देखत कसा वागतो, हा तिचा विषय. हे शास्त्र प्रयोगशाळेतलं आहे, आपल्या पाराशी आणि ओसरीशी त्याचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. तोच आज सांगायचा आहे.

सुरुवात एका प्रयोगापासून करू. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून एक प्रश्नावली भरायला दिली. थोड्या वेळानं भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर यायला लागला. विद्यार्थी एकटा असेल तर चारांपैकी तिघांनी उठून बाहेर जाऊन धुराची खबर दिली. मग दुसऱ्या खेपेला त्याच्या शेजारी दोन माणसं बसवली. ही दोघं प्रयोग करणाऱ्यांनी शिकवून ठेवलेली. त्यांनी धुराकडं पाहायचं, खांदे उडवायचे आणि पुन्हा लिहायला लागायचं. आता दहांपैकी एकच विद्यार्थी उठला. बाकीचे डोळे चोळत, धूर हातानं बाजूला सारत, लिहीत राहिले.

हे विद्यार्थी मूर्ख नव्हते की भित्रे नव्हते. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघत होता आणि शेजारी शांत आहे म्हणजे काही काळजीचं नसावं, असं समजत होता. जेव्हा खोलीत सगळेच खरे, न शिकवलेले विद्यार्थी बसवले, तेव्हाही बरेच गट तसेच बसून राहिले. म्हणजे मनातून सगळेच घाबरलेले, चेहऱ्यानं सगळेच शांत, आणि प्रत्येकाला वाटतं की घाबरलेला मी एकटाच. फ्लॉइड ऑलपोर्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या अवस्थेला १९३० च्या सुमारास एक अवघड इंग्रजी नाव दिलं. मी वर्गात शिकवताना त्याला साध्या मराठीत ‘सगळ्यांचा सारखाच गैरसमज’ असं म्हणतो.

आता हा धूर आपल्या गावात कुठं आहे ते पाहू.

हळदीच्या मुलखात

नरसी नामदेव हे गाव हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. नामदेवांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळं पंजाबातून शीख भाविकही इथं दर्शनाला येतात. आषाढी वारी झाल्यावर येणाऱ्या वद्य एकादशीला, म्हणजे परतवारीला, इथं मोठी यात्रा भरते. पंढरीला जाऊन आलेले आणि जाऊ न शकलेले, दोघंही नरसीला येतात.

हा सगळा मुलूख हळदीचा. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीचे मोठे सौदे होतात. हळद लावायची, खुरपायची, काढायची, शिजवायची, वाळत घालायची, यातली निम्म्याहून जास्त मेहनत बायकांची. त्यांच्यात नवरा वारलेल्या बायकाही असतात. कुणाचा आजारानं गेला, कुणाचा अपघातात, कुणी कर्जापायी जीव दिलेला. वर्षभर त्यांचे हात हळदीनं पिवळे असतात. पण संक्रांतीला घरोघर हळदीकुंकू सुरू झालं, की याच बायका दाराआड होतात. लेकीच्या हळदीला आई मागं उभी राहते आणि हळद लावायला चुलत जाऊ पुढं होते. हळद पिकवायला चालते, लावायला चालत नाही.

या भागातल्या बायकांशी मी या विषयावर अनेकदा बोललो आहे. घोळक्यात विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आमच्यात तसं चालत नाही.’ पण एकेकीला वेगळं विचारलं, की बोलणं बदलतं. सून म्हणते, ‘मला काही वाटत नाही हो सर, लावू द्या की तिला कुंकू. पण आमच्या आत्याबाईंना नाही चालायचं.’ मग आत्याबाईंना विचारावं, तर त्या म्हणतात, ‘माझं काय जातंय लेकरा? तरणीताठी पोर हाय ती. पण भावकी बोलंल ना.’ आणि भावकीतल्या म्हाताऱ्याला गाठावं, तर तो म्हणतो, ‘हे बायकांचं असतंय, आपण कशाला बोलावं?’

पाहा, सून सासूकडं बोट दाखवते, सासू भावकीकडं, भावकी पुन्हा बायकांकडं. चक्र पूर्ण झालं आणि त्यात खरा विरोध करणारा माणूस सापडलाच नाही. खोलीत धूर भरलेला आहे आणि प्रत्येक जण शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघत बसला आहे. मधल्या मध्ये ती पस्तिशीची बाई मात्र उरलेलं आयुष्य दाराआड काढते.

हेरवाडनं काय केलं?

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षात, मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, या गावाच्या ग्रामसभेनं एक ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद करायच्या. ठराव मांडला बाईनं, त्याला अनुमोदन दिलं बाईनं. सरपंच सुरगोंडा पाटील यांनी तो ग्रामसभेपुढं आणला होता. यामागं करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांचा आग्रह होता. कोरोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी त्याच्या पत्नीवर झालेली जबरदस्ती त्यांनी पाहिली होती. मग आपल्या मागं आपल्या पत्नीवर असे विधी करू नयेत, असं त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवलं आणि गावांनी असे ठराव करावेत म्हणून प्रयत्न सुरू केले. हेरवाडच्या ठरावानंतर १७ मे २०२२ रोजी राज्य शासनानं परिपत्रक काढलं आणि इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं आवाहन केलं. पुढं अनेक गावांनी असे ठराव केले.

आता कुणी म्हणेल, यात नवल ते काय? विधवांच्या हक्कांविषयी फुल्यांपासून, आगरकरांपासून, कर्व्यांपासून आपण ऐकत आलो आहोत. खरं आहे. हेरवाडच्या लोकांना त्या दिवशी कोणताही नवा विचार कळला नाही. त्यांना नवी कळली ती एकच गोष्ट: हा विचार शेजाऱ्याच्याही मनात आहे. माझ्या मते ठरावाची सगळी ताकद इथं आहे.

माणसाला एखादी गोष्ट ठाऊक असणं वेगळं आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे हे सगळ्यांना ठाऊक असणं वेगळं. पहिलीतून मनातली हळहळ निघते, दुसरीतून वागणं बदलतं. नामदेवांच्या गावात हे समजावून सांगायला फार लांब जायला नको. घरात एकट्यानं पोथी वाचणं आणि वाळवंटात शेकडो माणसांत बसून कीर्तन ऐकणं यात हाच फरक आहे. कीर्तनात मी ऐकतो, शेजारी ऐकतो, आणि आम्ही दोघं ऐकतो आहोत हे दोघांनाही दिसतं. उद्या बांधावर भेटल्यावर ‘काल महाराज काय म्हणाले’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. ग्रामसभेचा ठराव हेच काम करतो, वर त्याला नोंदवहीतली सही असते.

एक साथीदार पुरतो

सॉलोमन ॲश यांचा १९५१ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कागदावर तीन रेघा, त्यांतली कोणती रेघ समोरच्या रेघेएवढी आहे ते सांगायचं. लहान मूलही चुकणार नाही असं काम. पण आधी बसलेली सगळी माणसं, शिकवून ठेवलेली, मुद्दाम एकच चुकीचं उत्तर देत. मग खऱ्या उमेदवाराची पाळी येई. अशा प्रसंगी साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या चुकीसारखीच चूक आली. डोळ्यांना दिसत असूनही!

पण या प्रयोगाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो कमी सांगितला जातो. त्या शिकवलेल्या माणसांपैकी फक्त एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं, तेव्हा गर्दीबरोबर वाहत जाण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आलं. बाकी सगळी गर्दी तशीच होती. फक्त एक साथीदार मिळाला होता. गावात बदल करायचा तर आधी सगळं गाव पटवावं लागतं, हा समज म्हणूनच खरा नाही. पहिल्या माणसाला दुसरा मिळाला, की अर्ध्याहून जास्त काम होतं.

आपल्या इतिहासातही याचा दाखला आहे. पूर्वी काही जातींत नवरा वारलेल्या बाईचं केशवपन करत. ज्या नाभिकाला हे काम करावं लागे, त्यालाही ते बोचत असणार. पण एकट्यानं नकार दिला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाणार आणि त्याचा धंदा बुडणार. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी मिळून ठरवलं. एकट्यानं नाही म्हणणं हा तोटा होता. सगळ्यांनी मिळून नाही म्हणणं हा निर्धार झाला.

लग्नखर्चाचंही असंच आहे. मांडव, मानपान, जेवणावळी यांपायी सोयाबीनचं सगळं पीक आणि वर सावकाराचं कर्ज जातं. ‘खर्च कमी करा’ असं एका बापाला सांगून उपयोग नाही, कारण त्याला एकट्याला ‘कंजूस’ म्हटलं जाईल. भावकीतल्या दहा घरांनी मिळून ठरवलं, तर कुणालाच कुणी काही म्हणत नाही.

दोन प्रश्न

हे सगळं आपल्यापुरतंच नाही. सौदी अरेबियात, रियाध शहरात, काही अर्थशास्त्रज्ञांनी विवाहित तरुण पुरुषांचा अभ्यास केला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. पहिला, बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का, तुमचं मत काय? दुसरा, इथं बसलेल्या इतर पुरुषांपैकी किती जण होय म्हणतील? पहिल्या प्रश्नाला बहुतेक सगळे खासगीत होय म्हणाले. दुसऱ्या प्रश्नाला मात्र बहुतेकांनी खूप कमी आकडा सांगितला. म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं की सुधारलेला मीच, बाकीचे मागासलेले. मग निम्म्या लोकांना खरा आकडा सांगितला. शेवटी बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवायचं का, असं विचारलं. ज्यांना आकडा सांगितला नव्हता, त्यांच्यात शंभरातल्या सुमारे २३ जणांनी नाव नोंदवलं. ज्यांना सांगितला, त्यांच्यात ३२ जणांनी. कुणी उपदेश केला नाही, फक्त शेजाऱ्याचं खरं मत कळलं.

यातून आणखी एक धडा निघतो, आणि तो आपण लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी विशेष घ्यावा. अमेरिकेत एका राष्ट्रीय उद्यानात प्राचीन झाडांचं दगड झालेलं लाकूड आहे. लोक त्याचे तुकडे खिशात घालून नेत. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथं दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ या पाटीपाशी खुणेसाठी ठेवलेल्या तुकड्यांपैकी दोन टक्क्यांहून कमी गेले. ‘पूर्वीच्या अनेकांनी लाकूड नेल्यामुळं उद्यानाचं नुकसान झालं आहे’ या पाटीपाशी जवळजवळ आठ टक्के गेले. दुसऱ्या पाटीनं तक्रार करता करता ‘सगळेच नेतात’ हेही सांगून टाकलं होतं.

आता बालविवाहाविषयी आपण काय बोलतो ते आठवा. ‘मराठवाड्यात घरोघर बालविवाह!’ हेतू चांगला असतो. पण गरिबीनं आणि काळजीनं आधीच डगमगलेल्या बापाला त्यातून ऐकू येतं ते एवढंच, की सगळेच करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. हिंगोली, परभणी, बीड या जिल्ह्यांत हे प्रमाण राज्यापेक्षा बरंच जास्त आहे, आणि ही लाजेची गोष्ट आहे. पण याच जिल्ह्यांत निम्म्याहून जास्त मुलींची लग्नं अठरा पूर्ण झाल्यावर झाली, हेही त्याच पाहणीत आहे. त्या निम्म्याहून जास्त बापांची गोष्ट कुणी सांगत नाही. ती सांगायला हवी. लेकीला बारावीपर्यंत थांबवणारा बाप गावात एकटा नाही, हे त्याला कळायला हवं.

हत्यार दुधारी आहे

हे सगळं सांगताना सावधपणाचे दोन शब्दही बोलले पाहिजेत.

पहिला असा, की गावाचं एकमत नेहमी भल्यासाठीच असतं असं नाही. हेच ‘चार लोक’ एकत्र येऊन एखाद्या घराला वाळीत टाकतात, दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या पोरीला गाव बंद करतात. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली वेगळा कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला, तो यासाठीच. म्हणून ठरावानं कुणावर जुलूम होत असेल, तर त्याला एकमत म्हणू नये. नवरा वारलेल्या एखाद्या बाईला स्वतःलाच कुंकू लावायचं नसेल, तर तेही तिच्यावर सोपवावं. बंदी जबरदस्तीवर असावी, बाईवर नको.

दुसरा असा, की लाज आणि सोबत यांत फरक आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ पासून सुरू झालं, तेव्हा गावागावांत उत्साह आला, कारण झाडू सगळ्यांच्याच हातात होता. त्याआधी सरकारी अनुदानातून एकेका घरी बांधलेल्या किती शौचालयांत गोवऱ्या आणि कडबा भरलेला असे, ते जुन्या लोकांना आठवत असेल. पुढं ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली आणि पहाटे बाहेर बसलेल्यांना भर रस्त्यात फुलं देऊन लाजवायला लागली. लाजवलेला माणूस तेवढ्यापुरता लपतो. सोबत मिळालेला माणूस बदलतो.

आपल्या गावात काय करता येईल?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यातच आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच उरकतात. ती सभा खरोखर भरवावी. सभेत भाषण करण्याआधी रियाधसारखे दोन प्रश्न विचारावेत. नवरा वारलेल्या बाईनं कुंकू लावलं, हळदीकुंकवाला आली, तर तुम्हाला स्वतःला चालेल का? आणि गावातल्या इतर बायकांना चालेल असं तुम्हाला वाटतं का? उत्तरं हात वर करून घेऊ नयेत. हात वर करताना माणूस आधी शेजारच्या हाताकडं बघतो. चिठ्ठ्या घ्याव्यात. लिहिता येत नसेल तर दोन झाकलेली गाडगी ठेवावीत, एकेका प्रश्नासाठी एकेक. ‘हो’ असेल तर तुरीचा दाणा टाकायचा, ‘नाही’ असेल तर हरभऱ्याचा. मग सगळ्यांसमोर दाणे मोजावेत.

दोन गाडग्यांचं उत्तर वेगवेगळं आलं, म्हणजे पहिल्यात तूर जास्त आणि दुसऱ्यात हरभरा जास्त निघाला, तर गावाचा गैरसमज गावासमोर आला. मग ठराव मांडणं अवघड राहत नाही. पण पहिल्या गाडग्यातच हरभरा जास्त निघाला, तर घाई करू नये. तिथं गैरसमज नाही, खरंच मत आहे. तिथं ठरावाआधी दोन-तीन वर्षं बोलत राहण्याचं, घरोघर जाण्याचं काम आहे.

ठराव झाल्यावरही कागद आणि दार यांत अंतर राहतंच. ते अंतर कापायला ज्या बाईला गावात मान आहे तिनं पहिलं पाऊल टाकावं, आणि एकटीनं नाही, दोघींनी मिळून टाकावं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या दोन जाणत्या सासवांनी नवरा वारलेल्या शेजारणीच्या दारात स्वतः जाऊन ‘चल गं, वाण घ्यायला’ म्हणावं. तिनं एकदा नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी पुन्हा जावं. तिलाही चार लोकांची भीती असणारच, आणि त्या चार लोकांतल्या दोघी दारात आल्याचं तिला दिसलं पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)